पहिल्या बोर्डावरचा गडी

ही गोष्ट खरी आहे.

माझा मामा खोटं बोलतच नाही, असा माझा दावा नाही. तो वय चोरतो. हरलेले डाव सर्दीवर ढकलतो. सिगारेट सोडली म्हणून शपथा घेतो आणि खिशात काडेपेटी खुळखुळत असते. पण हे सांगायला लागला की त्याचा आवाजच बदलतो. शिवाय त्या दिवशी तिथे असलेल्या दोघांना मी वेगवेगळं गाठून विचारलंय. दोघांनी तेच सांगितलं. एकाने तर बोलता बोलता मला दार उघडं ठेवायला लावलं.

आणि भुतं रात्रीच येतात असं तुम्हाला वाटत असेल, तर ते आधी डोक्यातून काढा.

ही दुपार होती. रविवारची. बाहेर लख्ख ऊन. एका शाळेचा मोठा हॉल, आत शे-दीडशे माणसं...

आणि एक रिकामी खुर्ची.

मामा वजनकाटे बनवणाऱ्या कारखान्यात तपासणीला आहे. तयार काटा टेबलावर ठेवायचा, त्यावर प्रमाणित वजन ठेवायचं, सुई थांबली की बघायचं. दिवसभर हेच. मामी गेल्यापासून घरी बोलायला चिटपाखरू नाही. त्याचं सगळं जगणं जेवणाच्या सुट्टीत. तपासणी विभागाच्या बरोबर वर एक छोटी खोली आहे. दोन टेबलं, बुद्धिबळाचे दोन संच, डावाची वेळ मोजणारी चावीची जुनी घड्याळं आणि करकरणारा पंखा. तिथे चार टाळकी जमायची, डाव टाकायची, एकमेकांची उणीदुणी काढायची. "त्या अर्ध्या तासात मी माणसांत असतो रे," मामा म्हणायचा.

त्या खोलीवर मॅनेजरचा डोळा होता. त्याला तिथे भंगार ठेवायचं होतं.

"कंपन्यांच्या स्पर्धेत दरवर्षी जाता आणि हात हलवत परत येता," तो म्हणाला. "या वर्षी पहिल्या तिनात आलात तर खोली तुमची. नाहीतर टेबलं खाली उतरवा."

झालं. मामा पेटला.

ही स्पर्धा संघांची असते. एका संघात चौघं, चार बोर्ड. रीत अशी, की पहिल्या बोर्डावर आपला सगळ्यात तगडा गडी बसवायचा. समोरचेही तेच करतात. मामाने उलटं केलं. त्याने आपला सगळ्यात कच्चा गडी पहिल्या बोर्डावर बसवला. समोरचा पहिलवान त्या कच्च्या गड्याला चिरडण्यात गुंतायचा आणि आपले बाकीचे तिघं खालच्यांना लोळवायचे.

"एक मेला तरी चालेल, तीन जगले पाहिजेत," असं मामा म्हणायचा. आता म्हणत नाही.

तो कच्चा गडी म्हणजे दानशूर. पॅकिंगमध्ये होता. खोकी बांधायचा. खरं नाव मस्टरवर असेल, पण सगळे दानशूरच म्हणायचे, कारण डाव सुरू झाला की थोड्याच वेळात हा आपला वजीर समोरच्याला अर्पण करून मोकळा व्हायचा. पण डाव सोडायचा नाही. वजीर गेला, हत्ती गेले, घोडे गेले, तरी पठ्ठ्या राजा घेऊन फिरत राहायचा. मात झाल्याशिवाय उठणार नाही म्हणजे नाही.

आणि बसल्या बसल्या पाय हलवायचा. सतत. एवढा, की शेजारच्या बोर्डावरच्या सोंगट्या थरथरायच्या. शेजारचा बोर्ड मामाचा.

"पाय थांबव रे," मामा दर दोन मिनिटांनी खेकसायचा. पाय थांबायचा. परत सुरू.

दर रविवारी दानशूर हरायचा, संघ जिंकायचा. एकदा तो मामाला म्हणाला होता, "कॅप्टन, एकदा तरी मला खालच्या बोर्डावर बसवा की. जिंकायचं सोडा, अर्धा गुण तरी बघू दे."

"अरे, तू हरतोस म्हणून तर आपण जिंकतो," मामा हसून म्हणाला.

दानशूरही हसला. गरीब स्वभावाचा होता बिचारा.

शेवटच्या फेरीआधी दानशूर आजारी पडला. छातीत पाणी झालं. दवाखान्यात नेलं, पण...

गेला.

मामा लहान मुलासारखा रडला. मी स्वतः पाहिलंय. पण दोन दिवसांनी त्याच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. शेवटची फेरी जिंकली तर तिसरा नंबर पक्का. आणि नियम असा, की मध्येच नवा गडी घेता येत नाही. संघात चौघं उरले नसतील तर अख्खा संघ बाद. मात्र एखादा गडी उशिरा येणार असेल तर त्याचं घड्याळ चालू करून तासभर वाट बघतात. नाही आला, तर त्याचा एकट्याचा डाव गेला. बाकीच्यांचे गुण शाबूत.

पहिला बोर्ड तर असाही हरायचाच होता...

मामाने स्पर्धावाल्यांना काहीच कळवलं नाही.

त्या रविवारी समोर एका हॉस्पिटलचा संघ होता. त्यांच्या पहिल्या बोर्डावर एक डॉक्टरबाई. ऑपरेशनच्या वेळी भूल देणाऱ्या. देशभर खेळून आलेल्या. त्यांच्यासमोर दानशूर म्हणजे हत्तीसमोर मुंगी. मामाच्या संघात उरले तिघं. दुसऱ्या बोर्डावर मामा, मग अकाउंटवाल्या बाई, शेवटी वेल्डर.

पंच वही घेऊन आले. "चौघं आहेत ना?"

मामाने घसा साफ केला.

"आहेत. एकजण खाली गेलाय. येतोच."

"खाली नाही हो, वर," वेल्डर तोंडातल्या तोंडात पुटपुटला. अकाउंटवाल्या बाईंनी त्याला कोपराने ढोसलं.

डाव सुरू झाले. डॉक्टरबाईंनी राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं आणि घड्याळ दाबलं.

खट.

दानशूरचं घड्याळ चालू झालं. टिक टिक टिक... मामाच्या उजव्या कोपराशी रिकामी खुर्ची. त्याने तिच्याकडे पाठ फिरवल्यासारखं केलं आणि स्वतःच्या डावात डोकं घातलं. डॉक्टरबाई चहा प्यायला उठून गेल्या.

बराच वेळ गेला. हॉलमध्ये चिडीचूप. मामा आपल्या घोड्याचा विचार करत होता.

आणि शेजारी आवाज आला...

टक.

सोंगटी पटावर ठेवल्याचा. आणि मागोमाग...

खट.

मामाने मान वळवली. खुर्ची रिकामी. पण दानशूरच्या बाजूचं एक काळं प्यादं पुढे आलेलं. आणि घड्याळ आता डॉक्टरबाईंचं चालत होतं.

मामाला वाटलं, कोणीतरी चावटपणा केला. त्याने वेल्डरकडे पाहिलं. वेल्डर दोन खुर्च्या पलीकडे नखं कुरतडत बसला होता. मामा तोंड उघडणार तेवढ्यात डॉक्टरबाई परत आल्या. खाली बसल्या, पटाकडे पाहिलं, हलकेच मान डोलावली, उंट काढला. खट.

त्यांची सवयच अशी, की खेळताना समोरच्याचं तोंड बघायचं नाही. पटाच्या वर नजर जाऊच द्यायची नाही.

मामाने डोळे स्वतःच्या पटावर घट्ट रोवले. नाही बघायचं. अजिबात नाही बघायचं.

टक... खट.

नाही बघायचं.

टक... खट.

मग दर वेळी तो बघायचं ठरवायचा आणि दर वेळी नेमकी नजर हलायची. कुणी खोकायचं, कुणाची खुर्ची सरकायची. वळून बघेपर्यंत चाल झालेली असायची.

तास संपत आला. पंच पावलं न वाजवता येताना दिसले. आता सांगून टाकावं. साहेब, आमचा गडी नाही. तो याच आठवड्यात गेला. एवढंच तर म्हणायचं होतं.

पण म्हटलं की संघ बाद. खोली गेली.

पंचांनी पहिल्या बोर्डाकडे पाहिलं. चाली झालेल्या, दोन्ही घड्याळांतला वेळ खर्च झालेला. "आला वाटतं," ते हळूच म्हणाले आणि पुढे गेले.

मामाने परत स्वतःच्या पटात डोकं घातलं.

आणि मग... त्याच्या पटावरच्या सोंगट्या थरथरायला लागल्या.

आधी अगदी बारीक. मग वजिराचं डोकं डुगडुगताना स्पष्ट दिसायला लागलं. पाण्याच्या ग्लासात गोल गोल तरंग उठत होते. मामाचा समोरचा गडी वैतागून टेबलाखाली बघायला लागला.

मामा आपल्या चालीत इतका बुडाला होता, की सवयीने तोंडातून निघून गेलं.

"पाय थांबव रे."

थरथर थांबली.

लगेच. एकदम.

पलीकडे वेल्डरने ते ऐकलं होतं. तो पांढराफटक पडून मामाकडे बघत होता. अकाउंटवाल्या बाईंनी पाय वर घेऊन खुर्चीत मांडी घातली होती.

तरी तिघंही जागेवरून उठले नाहीत. याला काय म्हणाल? मी मामाला विचारलं तर म्हणाला, "तो उठत नव्हता, मग आम्ही कसे उठणार?"

पहिल्या बोर्डावर व्हायचं तेच होत होतं. दानशूरने वजीर दिला. मग हत्ती. मरूनही खेळ सुधारला नव्हता, मामा म्हणतो. डॉक्टरबाई शांतपणे एकेक उचलत होत्या.

एकेक करून बाकीचे डाव संपले. वेल्डर जिंकला, म्हणजे एक गुण. अकाउंटवाल्या बाईंची बरोबरी, मामाचीही बरोबरी. अर्धा अर्धा. झाले दोन. जिंकायला अडीच लागतात.

अर्ध्या गुणासाठी घोडं अडलं होतं.

हॉल रिकामा व्हायला लागला होता. मामा उठू शकला असता. पण तो तसाच बसून राहिला, रिकाम्या खुर्चीशेजारी. आता त्याला तिच्याकडे बघायचा धीर आला होता. खुर्चीत कोणी नव्हतं. पण बसायची गादी मध्यभागी दबलेली होती...

पटावर दानशूरचा राजा एकटा, कोपऱ्यात. डॉक्टरबाईंकडे वजीर, हत्ती, सगळं. एका चालीत मात. लहान पोरानेही केली असती.

डॉक्टरबाईंनी वजीर उचलला.

आणि त्यांचा हात हवेत थांबला.

त्या काहीतरी ऐकत होत्या. मान किंचित कलती करून. मामाला काही ऐकू येत नव्हतं.

मग त्यांचा चेहरा बदलला. एकदम दचकल्या. हातातला वजीर धाडकन खाली टेकवला, बोटं सोडली आणि पहिल्यांदाच नजर वर केली...

समोर खुर्ची रिकामी.

त्यांनी मागे वळून दाराकडे पाहिलं. मग पटाकडे. मग कपाळावर हात मारून घेतला.

वजीर चुकीच्या घरात पडला होता. काळ्या राजाला शह नव्हता. पण त्याला हलायलाही एक घर उरलं नव्हतं. असं झालं की मात होत नाही. डाव तिथल्या तिथे अडकतो. बरोबरी.

अर्धा गुण.

पंच आले. "यांचा गडी कुठे गेला?"

डॉक्टरबाईच म्हणाल्या, "बाहेर गेले असतील. डाव बरोबरीत सुटलाय. चूक माझी. मी त्यांच्याशीच खेळले, लिहून घ्या."

मामाचा संघ तिसरा आला.

जिन्यात डॉक्टरबाईंनी मामाला गाठलं. इकडेतिकडे पाहून हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही कॅप्टन ना? तुमचा तो माणूस कुठे आहे?"

"का हो, मॅडम?"

"त्याला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. पूर्ण डावभर मी त्याचा श्वास ऐकत होते. छातीत पाणी असल्यावर येतो ना, तसा घुरघुर आवाज. आमचं अर्धं काम श्वास ऐकण्याचंच असतं. आणि शेवटी... शेवटी तो थांबला. श्वास थांबला की माझा हात माझा राहत नाही. म्हणून तर ती चूक झाली."

मामा कठड्याला धरून उभा.

"तुम्ही... त्याला पाहिलंत?"

"तोंड नाही पाहिलं. मी बघत नाही. हात पाहिला. चाल करतानाचा." त्या क्षणभर थांबल्या. "अहो, त्याची नखं निळी पडली होती."

मामाने नुसती मान डोलावली. त्या बाईंना खरं काय ते त्याने सांगितलं नाही. आजवर नाही. त्या बिचाऱ्या अजूनही समजत असतील, की एका आजारी माणसाला आपण वेळेवर दवाखान्यात पाठवलं.

खोली वाचली. मॅनेजरने शब्द पाळला, वर मिठाईही वाटली.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तिघं डबे घेऊन वर गेले. पंखा लावला. मामा सोंगट्यांची पेटी आणायला कपाटाकडे वळला...

खट.

टेबलावरचं घड्याळ कोणीतरी दाबलं होतं. त्याला चावी दिलेली नव्हती.

वेल्डर डबा तिथेच टाकून पळाला. अकाउंटवाल्या बाईंनी परत कधी तो जिना चढला नाही. मॅनेजर मात्र अजून चिडतो. "एवढी भांडून खोली घेतली आणि आता कोणी फिरकत नाही!"

एकटा मामा जातो. रोज. सुट्ट्या सोडून गेली दोन वर्षं.

मी त्याच कारखान्यात स्टोअरला आहे. मी त्याला एकदा खडसावून विचारलं, "मामा, भीती नाही वाटत? कशाला जातोस?"

"वाटते की. रोज वाटते," तो म्हणाला. "पण समोर कोणी बसलं नाही की तो पाय हलवतो. बरोबर खाली आमचा तपासणी विभाग. सगळं छत थरथरतं, टेबलं थरथरतात. एकाही काट्याची सुई थांबत नाही. काम कसं करणार?"

आता खरी गोष्ट सांगतो. मी हे का लिहितोय ते.

या महिनाअखेर मामा निवृत्त होतोय.

परवा त्याने मला बाजूला घेतलं. "तू येशील ना रे सुट्टीत वर? अर्धाच तास."

"मामा, मला बुद्धिबळ कुठे येतं!"

"घोडा कसा चालतो तेवढं येतं ना? बास झालं. त्यालाही तेवढंच येतं."

मी हसण्यावारी नेलं. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

काल मामा निवृत्तीच्या कागदपत्रांसाठी रजेवर होता.

जेवणाच्या सुट्टीत मी स्टोअरमध्ये डबा उघडला, तेवढ्यात तपासणीतली तीन माणसं दारात येऊन उभी राहिली. एकाने नुसती मान वर केली. छताकडे. मी त्यांच्या विभागात जाऊन पाहिलं. ओळीने ठेवलेले काटे... सगळ्यांच्या सुया लुटुलुटु हलत होत्या. सगळे माझ्याकडे बघत होते. मी भाचा ना.

काय करणार? गेलो.

दार उघडंच होतं. सोंगट्या मांडलेल्या. पांढऱ्या माझ्या बाजूला.

मामाने सांगितलं होतं तसं केलं. समोर बघितलं नाही. राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं आणि घड्याळ दाबलं.

खालून एकदम आवाज आले. "थांबली! थांबली!" कोणीतरी हसलं. खुर्च्या सरकल्या. सगळे सुटकेने बोलायला लागले.

वर मात्र... काहीच नाही. चाल नाही. आवाज नाही. नुसता पंखा.

मी वाट बघत राहिलो. सुट्टी संपल्याची घंटा झाली. खाली सगळे कामाला लागले. जिन्यात पावलं वाजली, दूर गेली. आता उठावं म्हणून मी खुर्ची मागे सरकवली आणि घड्याळाकडे लक्ष गेलं.

त्याच्या बाजूचं घड्याळ चालूच होतं.

तो विचार करत होता.

आणि समोरचा गडी विचार करत असताना मध्येच उठून जाणं बरं दिसत नाही, म्हणून मी परत खुर्ची पुढे ओढली आणि बसून राहिलो.